हरीण काढू नकोस

अरे मुला,

आधी एक सांगते, ते 'आदरणीय मॅडम' वगैरे लिहू नकोस, एकतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, मॅडम ऐकून ऐकून कान किटलेत. मावशी म्हण. आजी म्हणालास तरी वयाने चालेल पण मला चालणार नाही.

तुझी पीडीएफ रात्री साडेअकराला आली आणि मी मूर्खासारखी तेव्हाच उघडली. वीस कविता, वीस टिपा, वीस चित्रं, आणि शेवटी तो लांबलचक मेसेज की गाईड म्हणतात तीनपैकी एक निवड, काव्य घे किंवा चित्रकला घे किंवा बौद्ध धर्म घे, तिन्ही एकत्र म्हणजे खिचडी होईल, आणि तू महिनाभर नीट झोपला नाहीयेस. झोप बाबा आधी. तुझा तो चिनी कवी वांग वेइ तेराशे वर्षं थांबलाय, अजून चार दिवस थांबेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला मेसेजमध्ये नाही, पाचव्या पानावर सापडलं. पाचवी कविता, लू चाय, हरणांचं कुंपण. तू केलेलं भाषांतर, खाली टीप, आणि शेजारी कॉम्प्युटरकडून करून घेतलेलं चित्र: धुक्यातला डोंगर, भगवी वस्त्रं घातलेला भिक्षू, आणि पुढे मान वळवून बघणारं हरीण.

ते हरीण बघून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण ते माझं हरीण आहे रे. तूच लिहिलंयस की आजोबांच्या ट्रंकेत १९८८ चा एक दिवाळी अंक मिळाला, त्यातलं माझं पान बघून तुला ह्या सगळ्याचा नाद लागला, आणि तेच चित्र तू 'रेफरन्स' म्हणून दिलंस. म्हणजे मी छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वी केलेली चूक आता मशीन शिकलं. छान.

आता ऐक. मूळ कवितेत किती अक्षरं आहेत? वीस. पाच पाचच्या चार ओळी. त्यात हरीण आहे का? नाहीये. नाव हरणांचं कुंपण, आणि कवितेत ना हरीण ना कुंपण. शब्दाला शब्द ठेवला तर साधारण एवढंच आहे,

रिकाम्या डोंगरात माणूस दिसत नाही
फक्त बोलण्याचे आवाज ऐकू येतात
परतीचं ऊन गर्द झाडीत शिरतं
पुन्हा पडतं हिरव्या शेवाळावर

संपलं. मी तेव्हा हे इंग्रजीतून वाचलं होतं, चिनीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि संपादकांनी पानभर जागा दिली म्हटल्यावर मी ती भरली. हरीण काढलं, झोपडी काढली, झोपडीच्या दारात एक दाढीवाला ऋषी बसवला. लोकांना फार आवडलं. मग दिवाळी उलटून गेल्यावर एक पोस्टकार्ड आलं, खाली नाव नाही, शिक्का पुसट, आणि आत फक्त तीन शब्द: 'हरीण कुठून आलं?'

मी इतकी चिडले होते. कोण हा शहाणा, स्वतः एक रेघ काढता येत नसेल आणि मला विचारतोय. उत्तर द्यायला पत्ताच नव्हता हे खरं, पण असता तरी दिलं नसतं हेही खरं. ते कार्ड मी फाडलं नाही मात्र. का नाही फाडलं माहीत नाही. बावन्नाव्या वर्षी चिनी शिकायला लागले, आठवड्यातून दोन संध्याकाळी, वर्गात सगळी आयटीतली पोरं आणि मी, आणि तिसऱ्या वर्षी मूळ वीस अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली तेव्हा पहिलं ते कार्ड शोधलं.

आणि गंमत पुढे आहे. ही वीस कवितांची माळ वांग वेइने एकट्याने नाही केली, त्याचा मित्र पेइ दी बरोबर होता. छांगआन राजधानीच्या दक्षिणेला लानत्येनच्या डोंगरात वांगछ्वान नावाची वांग वेइची वाडी होती, तिथल्या वीस जागांवर दोघांनी एकेक कविता केली, म्हणजे एकूण चाळीस. तू पेइ दीच्या वीस घेतल्याच नाहीस, 'दुय्यम आहेत' असं कुठेतरी वाचलं म्हणून. अरे जोडीतला एक आवाज बंद करून जुगलबंदी कशी ऐकणार तू? तर पेइ दीच्या ह्याच जागेवरच्या कवितेत, शेवटच्या ओळीत, हरीण येतं. पण कसं येतं? तो म्हणतो, गर्द झाडीत काय चाललंय मला ठाऊक नाही, फक्त हरणांच्या पावलांचे ठसे आहेत. ठसे! जो प्रत्यक्ष तिथे उभा होता त्याने सुद्धा हरीण दाखवलं नाही. मी पुण्यात बसून दाखवलं.

म्हणून सांगते, हरीण काढू नकोस. हे वाक्य ह्या पत्रात तुला इतक्या वेळा ऐकू येईल की वैतागशील. वैताग.

तुझ्या भाषांतरातलं पहिलं हरीण म्हणजे 'मी'. तू लिहिलंयस, 'मी निर्जन पर्वतावर एकटाच उभा आहे, मला कोणीही दिसत नाही.' कोण मी? मूळ ओळीत कर्ताच नाही. कोण बघतंय ते सांगितलेलंच नाही, वांग वेइ बघतोय, तू बघतोयस, डोंगर बघतोय, काही कळत नाही आणि तिथेच कवितेची सगळी जादू आहे. इंग्रजीवाल्यांची इथे पंचाईत होते, त्यांना क्रियापदाला कोणीतरी चिकटवावंच लागतं, ते 'आय' घालतात, आणि तू इंग्रजीवरून केलंस हे मला तिथेच कळलं, चिनीची परीक्षा पास झालायस तरी. मराठीत बघ ना काय सोय आहे. 'माणूस दिसत नाही.' 'आवाज ऐकू येतो.' कोणाला? सांगायची गरजच नाही! आपली भाषा हे फुकट देतेय आणि तू तिथे 'मी' आणून बसवलास, आणि मराठीत 'मी' आला की तो उभा आहे का उभी आहे तेही आलंच.

तसंच परतीचं ऊन. तू 'मावळत्या सूर्याची सोनेरी किरणं' केलंस, मूळ शब्द आहे परत आलेला उजेड, दिवस कलताना उलट बाजूने झाडीत शिरणारा. आपण परतीचा पाऊस म्हणतो की नाही? मग परतीचं ऊन म्हण, कोणालाही कळेल. सोनेरी कुठे आहे त्यात? पाच अक्षरांच्या ओळीला तुझे अकरा अकरा शब्द होतात, निर्जन, नीरव, गूढ, मंद, सोनेरी. ही सगळी हरणंच आहेत, लहान लहान.

आणि हो, ते अक्षरं म्हणजे चित्रंच असतात हे तुझ्या प्रस्तावनेतलं पान काढून टाक, प्लीज. चिनी अक्षरांपैकी बहुतेक अक्षरांत एक तुकडा अर्थाचा आणि एक तुकडा उच्चाराचा असतो. ह्याच कवितेच्या नावातलं दुसरं अक्षर घे, त्याचा नेहमीचा उच्चार छाय, अर्थ सरपण, त्यात खाली झाड आहे आणि वरचा भाग नुसता उच्चार सांगायला आहे. इथे मात्र ते चाय वाचायचं आणि अर्थ कुंपण. चित्र बघून कोणाला कळलं असतं हे? कवितेचा आणि चित्राचा संबंध अक्षरात शोधू नकोस, तो दुसरीकडे आहे, येते त्यावर.

आता टिपा. इथे मला खरंच राग आला, आणि थोडं हसूही. पाचव्या कवितेच्या टिपेत लिहिलंयस, 'रिकामा म्हणजे शून्यता, हा महायान बौद्ध दर्शनाचा पाया होय.' खरंय, चुकीचं नाहीये. ते अक्षर खोंग, बौद्ध ग्रंथ चिनीत आले तेव्हा शून्यतेसाठी तेच वापरलं गेलं. पण मग पहिली कविता बघ, त्याच माळेतली. वांग वेइ वाडी घेऊन राहायला आलाय, आधी ती सोंग चिवेन नावाच्या दुसऱ्या एका कवीची होती, तो मरून गेला, जुन्या झाडांपैकी काही खंगलेले विलो उरलेत, आणि हा म्हणतो, माझ्यानंतर इथे कोण येणार कोणास ठाऊक, आधीच्या माणसाचं जे होतं त्याचं दुःख तरी कशाला, उगाच. ते 'उगाच' म्हणजे तेच अक्षर. खोंग. तिथे शून्यता घालून बघ, वाक्य मरतं.

आणि तिसरं उदाहरण तुला माहीत नाहीये असं दिसतंय, ते सांगते कारण त्याशिवाय वांग वेइ कळत नाही. ७५५ मध्ये सेनापती आन लूशानने बंड केलं, ७५६ मध्ये राजधानी पडली, बादशहा पळाला, आणि वांग वेइ मागे राहून बंडखोरांच्या हातात सापडला. जुन्या इतिहासात लिहिलंय की त्याने औषध घेऊन जुलाब करून घेतले आणि मुका झाल्याचं सोंग केलं. तरी त्याला लोयांगला नेऊन एका देवळात कोंडलं, त्या देवळाचं नाव बोधी, काय नशीब बघ. पेइ दी तिथे भेटायला आला, त्याने सांगितलं की बंडखोरांनी राजवाड्याच्या तळ्याकाठी मेजवानी केली, बादशहाच्या वादकांना वाजवायला लावलं, ते रडत होते, आणि एकाने वाद्य जमिनीवर आपटलं तर त्याचे तुकडे केले. तेव्हा वांग वेइने मित्राला चार ओळी म्हणून दाखवल्या, त्यात येतं, शरदात झाडांची पानं गळतायत राजवाड्यात, खोंग राजवाड्यात, आणि तळ्याकाठी वाद्यं वाजतायत. तो खोंग राजवाडा म्हणजे काय? शून्यता? नाही रे. ओस. ओस पडलेला. घराचा कर्ता निघून गेल्यावर घर पडतं तसं. ७५७ मध्ये राजधानी परत मिळाली, ज्यांनी बंडखोरांची नोकरी केली त्यांना शिक्षा झाल्या, आणि ह्याला त्या चार ओळींनी वाचवलं, आणि त्याच्या भावाने, ज्याने माझी पदवी घ्या पण ह्याला सोडा म्हटलं.

रिकामा, उगाच, ओस. एकच अक्षर, एकच माणूस. तू तिन्हीवर 'शून्यता' असं लेबल चिकटवलंस तर बौद्ध धर्म वाढत नाही त्यातला, उलट पातळ होतो. टीप म्हणजे सुद्धा हरीणच. वाचणाऱ्याला रिकाम्या डोंगरात पाच मिनिटं उभं राहू दे ना, लगेच पाटी काय लावतोस.

ह्याचा अर्थ धर्म सोडून दे असा काढशील, तसंही नाही. धर्म तर नावातच आहे त्याच्या. नाव वेइ, आणि मोठेपणी घेतलेलं दुसरं नाव मोच्ये, दोन्ही जोडली की वेइ-मो-च्ये, म्हणजे विमलकीर्ती. वैशालीचा विमलकीर्ती, घरदार बायकामुलं व्यापार सगळं सांभाळणारा गृहस्थ, भिक्षू नव्हे, आणि बुद्धाचे मोठेमोठे शिष्य त्याच्यासमोर जायला घाबरायचे. आपल्याकडे प्रपंचात राहून परमार्थ म्हणतात त्यातला. कुमारजीवाने ४०६ मध्ये ह्या विमलकीर्तीचं सूत्र चिनीत आणलं आणि तिथल्या नोकरीपेशातल्या सुशिक्षित लोकांनी ते अक्षरशः उचलून धरलं, कारण त्यांना हेच हवं होतं, सरकारी नोकरी पण सोडायची नाही आणि मोक्षही सोडायचा नाही. (मूळ संस्कृत हरवलंय असंच सगळे धरून चालले होते, १९९९ मध्ये ल्हासाच्या पोताला राजवाड्यात पोथी सापडली, तू संस्कृत घेतलं होतंस ना बारावीपर्यंत, मिळव ते.) म्हणून तुझ्या चित्रातला तो भगव्या कपड्यातला भिक्षू चूक आहे. वांग वेइ शेवटपर्यंत सरकारी अधिकारी होता. आई तीसेक वर्षं एका ध्यानगुरूची शिष्या, बायको लवकर गेली, त्याने दुसरं लग्न केलं नाही, कचेरीतून आला की उदबत्ती लावून एकटा बसायचा, आणि खोलीत सामान काय, चहाचं भांडं, औषधाचा खल, पोथी ठेवायचं मेज आणि दोरीने विणलेली बैठक. आई गेल्यावर वाडी देऊळ करायला देऊन टाकली. असा माणूस. बँकेतून घरी येऊन जप करणारे तुझ्या सोसायटीत चार सापडतील, तसा दिसणारा.

त्या सूत्रात पुढे एक प्रसंग आहे, सगळ्यांना विचारलं जातं की अद्वैतात शिरायचं म्हणजे काय, एकेक बोधिसत्त्व उत्तर देतो, मंजुश्री म्हणतो ते शब्दांत सांगता येत नाही, आणि मग विमलकीर्तीची पाळी येते आणि तो काहीच बोलत नाही. हे नाव लावून जगलेल्या माणसाला पन्नाशीनंतर खोटं मुकं व्हावं लागलं, जीव वाचवायला. ह्यावर मी किती रात्री काढल्या असतील. त्याला स्वतःला ते आठवलं असेल का त्या देवळात? मला ह्यावर एक लेख लिहायचा होता, वीस वर्षं लिहायचा होता, नाही लिहिला, घर, शाळा, सासूबाईंचं आजारपण, कारणं खूप आहेत आणि सगळी खरी आहेत.

आता चित्र. इथे तुला वाटतंय की तू माझ्या अंगणात आलायस आणि मी खूश होईन. सू शी, म्हणजे सू तुंगपो, अकराव्या शतकातला कवी, तो म्हणून गेला की वांग वेइच्या कवितेत चित्र आहे आणि चित्रात कविता. तू ते मुखपृष्ठावरच टाकलंयस. सगळेच टाकतात. पण विचार कर ना, वांग वेइच्या हातचं खात्रीने म्हणता येईल असं एकही चित्र आज शिल्लक नाही. वांगछ्वानची गुंडाळी त्याने काढली होती, आपल्यापर्यंत आल्या त्या नकलांच्या नकला, आणि १६१७ मध्ये दगडात कोरलेल्या प्रतीचे ठसे. तिथेही ठसेच, बघ! चित्र गेलं आणि कवितेतलं चित्र राहिलं. मग ते चित्र नक्की कुठे आहे, हा प्रश्न तू विचारायला हवा होतास, त्याऐवजी तू वीस चित्रं बनवून घेतलीस.

सांगते कुठे आहे. ब्रश तोच, शाई तीच, कागद किंवा रेशीम तेच, आणि हात तोच. अक्षर लिहिताना मनगट जसं वळतं तसंच बांबूचं पान काढताना वळतं, म्हणून चित्राच्या कोपऱ्यात कविता लिहिली तर ती शेजारी चिकटवलेली वाटत नाही. आणि दोघांनाही कोरी जागा म्हणजे राहून गेलेली जागा वाटत नाही. गुंडाळी उजवीकडून डावीकडे उघडायची, एका वेळी हाताच्या अंतराएवढी, बाकीचं गुंडाळलेलंच. कोरा कागद म्हणजे पाणी, किंवा धुकं, किंवा आभाळ, तो ठरवत नाही, तुम्ही थांबा आणि बघा.

आणि मी काय केलं आयुष्यभर? एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांना ओरडत फिरले, 'कागद पांढरा सोडू नका, बॅकग्राउंड भरा!' हजारो पोरं असतील. एक मुलगी होती सातवीतली, तिने खाली कोपऱ्यात एक कावळा काढला आणि वर सगळा कागद कोरा, आणि ब्रश धुवून बसली. मी म्हटलं आभाळ कुठंय? ती म्हणाली हेच आहे ना बाई. मी तिच्याकडून निळा भरून घेतला. नकोच तो विषय.

ल्यू त्सोंगय्वान ह्या कवीची नदीतला बर्फ नावाची कविता तू वाचली असशील, तीही वीसच अक्षरं. हजार डोंगर, एक पक्षी उडत नाही. दहा हजार वाटा, माणसाच्या खुणा पुसल्यात. एकटी होडी, इरलं पांघरलेला म्हातारा. एकटाच गळ टाकून बसलाय थंड नदीच्या बर्फात. (इरलंच म्हण, झावळीचं असो गवताचं असो, 'रेनकोट' नको.) चारही ओळींची पहिली अक्षरं खाली खाली वाच, हजार, दहा हजार, एकटी, एकटाच. ८०५ मध्ये त्याच्या गटाचं राजकारण फसलं, त्याला दूर दक्षिणेला हाकललं, तिथली ही कविता. आता टोकियोच्या म्युझियममध्ये मा य्वान ह्या चित्रकाराच्या नावावरचं एक चित्र आहे, थंडीतल्या नदीवर गळ टाकणारा, ते नेटवर काढून बघ. त्याच्या डोक्यात ही कविता होती का नव्हती ते सोड. एक होडी, एक वाकलेला माणूस, होडीभोवती पाण्याच्या चार रेघा, आणि उरलेलं सगळं कोरं रेशीम. एक सुद्धा डोंगर नाही. हजार डोंगर न काढता थंडी वाजते बघताना.

आता तू म्हणशील, मावशी, चीनच्या सम्राट ह्वेइत्सोंगच्या चित्रशाळेच्या परीक्षेचं काय. म्हणशीलच, कारण तुझ्या संदर्भात ते पुस्तक आहे. तिथे कवितेची ओळ द्यायचे आणि चित्र काढायला सांगायचे. एक ओळ होती, अस्ताव्यस्त डोंगरात लपलेलं जुनं देऊळ. बाकीच्यांनी कळस दाखवला, छपराचं टोक दाखवलं, पहिला आला त्याने पानभर नुसते डोंगर काढले आणि वर पताकेची एक काठी. माझ्या बाजूचं उदाहरण. पण दुसरी ओळ होती, रानातल्या पाण्यावर पलीकडे जायला कोणी नाही, एकटी होडी दिवसभर आडवी. बाकीच्यांनी रिकामी होडी काढली, काठावर बगळा, टपावर कावळा. आणि पहिला आला त्याने होडीच्या टोकाला झोपलेला नावाडी काढला, जवळ बासरी. म्हणजे त्याने माणूस घातला! ह्या बासरीवर मी वर्षभर चिडले होते. मग लक्षात आलं की त्याने ओळ जास्त नीट वाचली होती, 'कोणी नाही' म्हणजे पलीकडे जाणारा कोणी नाही, नावाडी आहेच, त्याला काम नाही म्हणून तर झोपलाय. बगळा आणि कावळा ही हरणं होती, नावाडी ओळीतूनच आला होता. हा फरक तुला कळला तर माझं पत्र इथेच संपवायला हरकत नाही, पण मला अजून केळ राहिलीय.

बर्फातली केळ. शेन ख्वो नावाचा सू शीच्याच काळातला एक विद्वान लिहून गेलाय की त्याच्या घरी वांग वेइचं चित्र होतं, बर्फात घरात झोपून राहिलेला एक माणूस, आणि बर्फात केळीचं झाड. तेव्हापासून लोक भांडतायत, बर्फात केळ कशी, ऋतू कळत नव्हता का ह्याला. आता त्या विमलकीर्तीच्या सूत्रात एक ओळ आहे, हे शरीर केळीसारखं आहे, आत घट्ट असं काही नाही. ही उपमा आपल्याकडून गेलेली, पालीतही आहे. वांग वेइच्या मनात तेच होतं असं काही अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं, आणि तू लगेच म्हणशील की मग ही केळ म्हणजे हरीणच नाही का, नसलेलं घातलंच ना त्याने? हो, म्हणशील. माझं उत्तर असं की माझ्या माहेरी वाडीत केळ पडली की आजी सोपटं सोलायला बसवायची, एक सोलावं तर आत दुसरं, दुसरं सोलावं तर तिसरं, आणि शेवटी हातात काही उरत नाही, नुसते डागाळलेले हात. ज्याने हे सोललंय त्याने केळ काढावी. मी आयुष्यात रानात हरीण बघितलेलं नव्हतं रे १९८८ पर्यंत! कॅलेंडरवरून काढलं होतं ते. हे उत्तर पुरेसं नाहीये मला माहितीये. पण हेच आहे माझ्याकडे.

तर तुझे गाईड. त्यांच्यावर मी चिडणार नाही, त्यांनाही वर फॉर्म भरायचा असतो आणि फॉर्मवर विषयाला एकच रकाना असतो. तू भांडू नकोस. तीनपैकी एक निवडूही नकोस. एक अक्षर निवड. वीस कवितांच्या प्रिंट काढ, पेन्सिल घे, खोंग जिथे जिथे येतं तिथे गोल कर, मग पेइ दीच्या वीसमध्ये बघ, मग वाडीबाहेरच्या कवितांत बघ, त्या ओस राजवाड्यापर्यंत जा, आणि दर ठिकाणी मराठीत कोणता शब्द बसतो ते लिही. रकान्यात 'काव्य' लिही, कोणाला काय कळतंय. धर्म आणि चित्र त्या गोलांमध्येच आहेत, आपोआप येतील, नाही आले तर तू वाचलं नाहीस.

नोकरी सोडून चीनला जायचं म्हणतोयस त्यावर मी काही बोलणार नाही. म्हणजे बोलते. तो जन्मभर नोकरीत होता. एवढंच.

आणि आता तूच म्हणशील, मावशी, तुम्ही ते हरीण काढलं नसतं तर मी इथे आलोच नसतो. हे मी तुझ्या आधी म्हणून झालेय, रात्री दोन वाजता, स्वतःलाच. पान कोरं ठेवलं असतं, एका कोपऱ्यात चार ओळी आणि खाली थोडं शेवाळ, तर संपादकांनी छापलं नसतं, छापलं असतं तर तुझ्या आजोबांनी ठेवलं नसतं, ठेवलं असतं तरी तुझी नजर थांबली नसती. असेल. चुकीच्या वाटेने माणूस बरोबर गावात पोचतो कधी कधी. पण म्हणून मी दुसऱ्याला ती वाट सांगू का? नाही सांगणार. काढलेलं काढून टाक, तुझं आणि माझं, दोन्ही.

अठरावी कविता घे आधी. डोंगरात झाडाच्या शेंड्यावर लाल फुलं उमलतायत, ओढ्याकाठच्या घरात कोणी नाही, आणि फुलं भरभरून उमलतायत आणि गळतायत. तुझ्या चित्रात त्या झाडाखाली एक मुलगी बसलीय पंखा घेऊन. तिला घरी पाठव. टीप पूर्ण खोड. मग मराठी कर, हाताने लिही, आणि फोटो पाठव, पीडीएफ नको. 'निःशब्द' दिसलं तर मी परत पाठवीन.

आणि एक काम कर, त्या ट्रंकेत आजोबांच्या हातचं काही लिहिलेलं असेल, हिशेबाची वही, पत्ता लिहिलेलं पाकीट, काहीही, तर त्याचाही फोटो काढ. 'ह' आलेला असेल असं काही बघ. कशाला ते विचारू नकोस. उगाच.

तुझी,
मावशी